सोडलेला पाय

१

भराडीदेवीच्या पायावर हात ठेवून सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आता जत्रेच्या गर्दीत हात पायापर्यंत पोचला की पुढच्या माणसाच्या खांद्यावरच राहिला, ते मी सांगू शकत नाही. पण खाट खरी आहे. वेरोनिका खरी आहे. मंगेश तर समोर आपली बोट धुतोय, विचारा त्याला. मधलं थोडंफार मी ऐकलंय, आणि थोडं मी तिथे असतो तर जसं झालं असतं तसं सांगतोय.

तर तळाशीलच्या समोर, किनाऱ्यावरून काडेपेटीएवढा दिसेल इतक्या लांब, समुद्रात एक लोखंडी माचा उभा आहे. सहा पाय, वर फळ्या, फळ्यांवर पत्र्याची खोली. सरकारने कधीतरी लाटा मोजायला बांधलेला. लाटा मोजून संपल्या असाव्यात, कारण माणसं गेली. गावाने त्याला नाव ठेवलं खाट. पुढे एका टुरिझमवाल्या कंपनीने खाट भाड्याने घेतली. पर्यटक बोटीने जायचे, बुडी मारायचे, फोटो काढायचे, आणि वेरोनिकाच्या कॅन्टीनमध्ये भजी खाऊन परत यायचे.

ही खाट पडू नये हे बघायचं काम धनेशकडे होतं. मसुऱ्याचा पोरगा, कुडाळला ऑफिस, डोळ्यांवर सोड्याच्या बाटलीच्या बुडाएवढा चष्मा. दर वाक्याआधी एक उसासा टाकून म्हणायचा, "काय कटकट आहे!" पंखा लावला तरी कटकट, बंद केला तरी कटकट. त्याच्या आईने एकदा सांगितलं, झिलान पहिलो शब्द 'आये' म्हणूक नाय, कपाळाक आठी घातल्यान.

आणि कटकट होतीच. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं. पाणबुडे खाली पाठवून प्रत्येक पायाची जाडी मोजायची, कालवं खरवडायची, रंग लावायचा, म्हणजे सगळा खर्च. पुण्याच्या किशोरी मॅडम, धनेशच्या साहेब, व्हॉइस मेसेज पाठवायच्या. "धनेश, सगळं तपासणं म्हणजे देखभाल नव्हे. जिथे धोका आहे तिथे तपासायचं, बाकी सोडायचं. प्लॅनिंग कर, प्लॅनिंग. खर्च नाही बसला तर कंपनी खाट बंद करेल. मग तुझी ती भजीवाली बाई काय करेल?"

भजीवाली बाई म्हणजे वेरोनिका, आणि तिचा नवरा डॉमिंगो म्हणजे धनेशचा मुख्य पाणबुड्या. खाट बंद झाली तर एका घरातल्या दोन्ही चुली विझणार. धनेशने रात्रंदिवस आकडे खाजवले आणि दोन युक्त्या काढल्या. एक, तपासणीची वेगळी बोट रद्द. स्टाफने पर्यटकांच्याच बोटीने जायचं आणि जागा असेल तसं परत यायचं. दोन, किल्ल्याच्या बाजूच्या कोपऱ्यातला पाय, ज्याच्यावर सगळ्यात कमी भार, तो यंदा सोडायचा.

मॅडमनी अंगठा पाठवला. पिवळा.

२

आता चूक कुठे झाली ते ऐका. ही चूक पुण्याच्या माणसाने केली नसती.

डॉमिंगोच्या घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं. रापण ओढली की वाळूवर माशांचे वाटे पडतात. ज्याने दोर ओढला त्याला एक, जाळ्याला एक, होडीला एक. आणि त्यांच्या घरी एक वाटा बाजूला, पाण्याकडे सरकवून ठेवतात. कोणाचा, ते कोणी विचारत नाही. जाळं आवरेपर्यंत वाटा गेलेला असतो. कावळे, कुत्री, मुंबईचे पाहुणे, कोणीही नेत असेल.

तर खाटेवर डॉमिंगो आणि मंगेश, जो बोटही हाकायचा आणि बुडीही मारायचा, पाय वाटून घेत होते. डॉमिंगो खोकत होता. तो कायम खोकायचा, पाण्यावर यायच्या आधी त्याचा खोकला यायचा. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक कधीतरी दोर गुंडाळायच्या विंचमध्ये गेलेलं. ते उरलेलं बोट दाखवत तो म्हणाला, "ह्यो माझो, ह्यो तुझो, ह्यो माझो. किल्ल्याकडचो कोणाक?"

"तो औंदा सोडलो," धनेश म्हणाला.

"बरा झाला. वाटो तरी रवलो एक."

असं म्हणून डॉमिंगोने शिडीवरून वाकून त्या पायावर हातोडीने टण टण केलं आणि पाण्याकडे तोंड करून ओरडला, "ह्यो आमी सोडलो रे! व्हयो तर तू घे!"

मंगेश हसला. धनेशला पण आयुष्यात पहिल्यांदा विनोद सुचला. "घेतल्यार देखभाल पण तेणाच करूची, सांग तेका."

"आणि देखभाल पण तूच करूची!" डॉमिंगोने सांगून टाकलं.

वेरोनिकाने भज्यांचा घाणा काढता काढता क्रूस केला. "शिरा पडो तुमच्या तोंडार. दर्याक कोण कामाक लावता?"

सगळे हसले, भजी खाल्ली, घरी गेले. मग पाऊस लागला, बोटी बंद झाल्या, आणि चार महिने खाटेकडे कोणी फिरकलं नाही.

३

पावसानंतर मंगेश पहिल्यांदा खाली गेला आणि लगेच वर आला. तोंडातली नळी काढून म्हणाला, "धनेश, तो पाय नवो आसा."

"नवो म्हणजे?"

"नवो म्हणजे नवो. लग्नात दिलेल्या टोपासारखो. एक कालव नाय, एक शेवाळ नाय."

"काय कटकट आहे! गेज लावलंस?"

गेज म्हणजे लोखंडाची जाडी मोजायचं यंत्र. टोकाला जेल लावून टेकवायचं, आकडा येतो. आकडा आला होता. पाय नकाशातल्यापेक्षा जाड होता.

आता लोखंड समुद्रात झिजतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. ते अंगावर धरत नाही. धनेशने गेजची बॅटरी बदलली. नमुन्याच्या तुकड्यावर लावून बघितलं, बरोबर. बाकीच्या पाच पायांवर लावायला सांगितलं, तिथेही बरोबर, म्हणजे झिजलेले, गंजलेले, प्रामाणिक आकडे. पुन्हा किल्ल्याकडच्या पायावर लावलं. आधीपेक्षा अजून थोडा जाड.

"मस्करी करतस मंग्या?"

"मेल्या, पाण्याखाली जावन पॉलिश करूक माका पगार कोण दिता?"

हे पटण्यासारखं होतं. धनेश स्वतः ओहोटीला शिडी उतरला आणि पाण्याच्या जरा वर पायाला हात लावला. गरम होता. उन्हाने, तो स्वतःला म्हणाला. मग वर बघितलं. वर फळ्या होत्या. तिथे ऊन बांधल्यापासून कधी आलं नव्हतं. मग पाण्यामुळे, तो म्हणाला, आणि पाण्यात हात घातला. पाणी गार होतं. मग आपल्यालाच ताप आला असेल, असं ठरवून तो वर आला आणि एक क्रोसिन घेतली. शिकलेल्या माणसाचं असं असतं, लोखंड गरम असेल तर गोळी स्वतः घेतो.

मॅडमना फोटो गेले. मेसेज आला, "एक्सलंट! म्हणजे जो पाय सोडला तो सुधारला. मग पुढच्या वर्षी अजून दोन सोड."

"मॅडम, पण असं का झालं, ते—"

"धनेश, बिघडलं तर कारण शोधायचं. सुधारलं तर खर्च होतो शोधायला."

४

आवाज पहिल्यांदा वेरोनिकाने ऐकला. म्हणजे ती आधीपासूनच ऐकत होती, तिला वाटलं सगळ्यांना ऐकू येतोय.

"कोण तरी नारळ खोवता," ती म्हणाली.

धनेशने फळीला कान लावला. खर्र, खर्र, खर्र. खालून, पायातून वर येणारा. आदाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खोवल्यासारखा, घाई नाही, आळस नाही. दिवसाढवळ्या. वर पर्यटक सेल्फी काढतायत, कोणाचं तरी पोर आइस्क्रीमसाठी रडतंय, आणि खाली कोणीतरी कामावर आहे.

"लाटांनी दोर घासत असेल," धनेश म्हणाला.

"दोर जेवणाची सुट्टी घेता?" वेरोनिकाने विचारलं.

तो थांबला. खरंच, पर्यटकांची ताटं वाढायच्या वेळी आवाज बंद झाला. ताटं उचलली तसा परत सुरू.

"काय कटकट आहे!" असं म्हणून धनेशने प्लॅनमध्ये आणखी दोन पाय सोडले. करणार काय? आकडे बसत होते. आणि डॉमिंगोनेही, हसत हसत, त्या दोन्ही पायांवर हातोडी वाजवली. चांगला कामगार मिळाला की माणूस त्याला काम देतच राहतो.

त्याच महिन्यात ते झालं.

दुपारी एकदम वारा सुटला. बोट खाटेला आपटायला लागली. पर्यटक घाबरून भराभर चढले, पोरं, बायका, वेरोनिका, एक आजोबा खुर्चीसकट. बोट भरली आणि वर डॉमिंगो राहिला. तपासणीची वेगळी बोट असती तर प्रश्नच नव्हता, पण ती धनेशनेच रद्द केलेली.

"माका ठेव," डॉमिंगो म्हणाला. "ह्येंका पोचव. मी बिडी ओढतंय, तवसर ये."

"डॉमिंगोक सोड, चल!" धनेश मंगेशला ओरडला.

खालची खरवड बंद झाली.

धनेशने घड्याळ बघितलं. जेवणाची वेळ टळून गेली होती.

५

वारा पडेना. मंगेश दोनदा निघाला, दोनदा परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र ताटासारखा झाला तेव्हा मंगेश, धनेश आणि वेरोनिका गेले. डॉमिंगो शिडीपाशी उभा होता. हात हलवत नव्हता, नुसता उभा.

"गे बाय," वेरोनिका रडत त्याच्या गळ्यात पडली, आणि लगेच सुटून मागे झाली. आपला तळहात बघत म्हणाली, "तुका ताप आसा?"

"नाय. मी बरो आसंय," डॉमिंगो म्हणाला.

बरा होताच. खोकला नव्हता. गुडघा कडकडत नव्हता. कानामागे कालवाने कापल्याचा जुना वण होता, तो नव्हता. बिडीचं बंडल खिशात तसंच, कोरडं. मंगेशने त्याला बोटीत घ्यायला हात दिला, आणि डॉमिंगोने डावा हात पुढे केला, आणि मंगेशने बोटं निरखली नाहीत पण त्याला कळलं. मधल्या बोटाला टोक होतं. नखासकट.

परत येताना धनेशचं डोकं चालू होतं. ते बोट तो पूर्वी दुमडून ठेवायचा असेल. आपण नीट बघितलं नसेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्याच्या मांडीवर गेजची पेटी होती. डॉमिंगोने त्या पेटीकडे बघितलं, मग न विचारता बाही वर केली आणि हात त्याच्यापुढे धरला. डॉक्टरपुढे धरतात तसा.

"लाव," तो म्हणाला.

गेज लोखंडासाठी असतं. माणसाच्या हाताला लावलं तर आकडा येऊ नये. धनेशने जेल लावलं, टोक टेकवलं.

आकडा आला. किल्ल्याकडच्या पायाचा आकडा, पॉइंटानंतरच्या अंकासकट.

संध्याकाळी धनेश त्यांच्या घरी गेला. डॉमिंगो कौलं नीट करत होता, जी तो लग्नापासून नीट करणार होता. वेरोनिका दारात बसलेली.

"कसो आसा मावशे?"

"बरो आसा," ती म्हणाली. "वायट काय नाय. चाय घेता, कप धुता. आयुष्यभर ह्येच्या खोकल्यान माका झोप नाय. आता येवढी झोप येता, येवढी येता..." मग तिने कौलांकडे बोट केलं. "ह्यो माझो नाय रे धनेश. माझो दुरुस्त करूक झालेलोच नाय कधी."

६

मॅडमचा नवा मेसेज होता. सगळे पाय सोडायचे. तपासणी शून्य, खर्च शून्य. कंपनीला कळवलंय, कंपनी खुश आहे, तू फक्त सही कर.

धनेशने पहिल्यांदा मॅडमना उलट उत्तर दिलं. सहा पाय म्हणजे अख्खी खाट. खाट सोडली म्हणजे खाटेवर जो कोण असेल तो सोडला. आणि तिथे रोज वेरोनिका असते. त्याने लिहिलं, सही करणार नाही, खाट बंद करा. मॅडमनी विचारलं, कारण? त्याने 'कारण' लिहून पुढे तीन टिंबं दिली. तुम्ही काय लिहिलं असतं?

पुरावा पाहिजे होता. म्हणून तो पर्यटकांच्या बोटीने गेला, ओहोटी धरून, भर दुपारी, आणि शिडीने खाली उतरला.

खाटेखाली हिरवा उजेड असतो. पाणी छातीएवढं खाली गेलेलं. अजून न सोडलेले तीन पाय गंजून फोडासारखे फुगलेले. सोडलेले तीन चकचकीत. धनेशने फोन काढला, फोटो घेणार, एवढ्यात खर्र खर्र सुरू झाली. अगदी जवळ, पायाच्या पलीकडून.

आणि मग खोकला.

तोच. ओला, छातीतला, शेवटी शिवी घातल्यासारखा आवाज काढणारा. डॉमिंगोचा. आणि वर, फळ्यांच्या फटीतून, धनेशला डॉमिंगो दिसत होता. कॅन्टीनमध्ये शांतपणे ताटं विसळत होता.

धनेशने पायाच्या पलीकडे वाकून बघायला नको होतं. पूर्ण नाही बघितलं. फक्त एक हात दिसला, पाण्यातून आलेला, पायाला धरलेला, कातडी पाण्याने पांढरी झालेली. दुसऱ्या हातात कसलीतरी पट्टी, तिने खरवडत होता. आणि धरलेल्या हाताच्या मधल्या बोटाला टोक नव्हतं.

त्या हाताच्या खाली, खोल, हिरव्यात, आणखी हलत होतं. शिस्तीत. पाळीने.

धनेश वर कसा आला त्याला माहीत नाही. बोट शिट्टी मारत होती, पर्यटक चढून बसलेले, ताटं विसळून झालेला डॉमिंगोही. मंगेश ओरडला, "एकच जागा आसा!"

"मावशे, बस बोटीत."

"मी रवतंय," वेरोनिका म्हणाली. "तू जा."

"खाली आसा तो! खोकता!"

"माका म्हायत आसा," ती शांतपणे म्हणाली. "मी रोज ऐकतंय. म्हणानच तर हयसर येतंय मी. भजी तळूक येतंय वाटला तुका?"

धनेशचे डोळे भरले, आणि डोळे भरले की त्याचा चष्मा धुरकट व्हायचा, आणि चष्मा धुरकट झाला की त्याचं डोकं फिरायचं. "काय कटकट आहे मावशे! तो तेच्या वाट्याक गेलो. तू तरी जाव नको. बस म्हणतंय मी!" आणि त्याने तिला खांद्याला धरून अक्षरशः बोटीत ढकललं.

मग तो काठावर उभा राहून सगळ्यांना ओरडून सांगायला लागला, "आयका! मी थांबलंय! मी माझ्या मर्जीन थांबलंय! माका कोणी सोडूक नाय! मंग्या, लगेच ये. आणि तोंडातून कायव काढू नको!"

मंगेशने तोंड घट्ट मिटून इंजिन चालू केलं. वेरोनिकाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. सगळं नीट झालं असतं. पण मागच्या बाकावर टोपी घातलेला एक माणूस होता, पुण्यामुंबईकडचा. त्याची बायको म्हणाली, "अहो, ते एक राहिले ना वर."

तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "राहू दे गं त्याला. उशीर होतोय."

इंजिनाच्या आवाजातही सगळ्यांना कळलं. खालची खरवड थांबली.

७

मंगेशने त्या दिवशी बोट जशी हाणली तशी कोणी हाणलेली नाही. माणसं उतरवली, परत फिरला, ऊन अजून वर होतं. धनेश शिडीपाशी उभा होता. बोट अजून बरीच लांब होती तेव्हाच त्याचा आवाज आला, एकदम सपाट.

"मंगेश, तुझ्या बोटीच्या नावातल्या शेवटच्या अक्षराचो रंग उडालो आसा."

चष्मा नव्हता. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे असतात ना, तेही नव्हते.

धनेश आता बरा आहे. सही केली, प्लॅन गेला, मॅडमना कुठल्याशा परिषदेत शाल मिळाली. किनाऱ्यावरच्या बाकीच्या जेट्ट्यांचे, धक्क्यांचे प्लॅनही आता तोच करतो. सगळे सोडतो. एक पैसा खर्च नाही, आणि काय चकाचक! तुम्ही मघाशी ज्या धक्क्यावर फोटो काढत होता, हात लावून बघितलात? बघा कधी. त्याची आई म्हणते, झिलाच्या कपाळार एक आठी नाय. सांगते आणि पदर तोंडाला लावते.

वेरोनिका अजून जाते रोज. मंगेश तिची जागा दोन्ही बाजूंची राखून ठेवतो. गिऱ्हाईक नसलं की ती फळीला कान लावून बसते. खाली खर्र खर्र चालू असते, मधेच खोकला. आणि हल्ली त्याच्या जोडीला कोणीतरी वैतागून बोलतं, अगदी स्पष्ट, फळीखालून. "काय कटकट आहे!" मग वेरोनिका दोन भजी फटीतून खाली टाकते. एकदा टाकली नव्हती, तर चार वेळा ऐकू आलं.

असो. तर तुम्ही उद्या सकाळच्या फेरीला, सगळी फॅमिली ना? मग बोलू. जायचे पैसे तिकडे बोटीवर दिलेत तरी चालतील. परतीचे मात्र आत्ता, इथे, माझ्या हातात, प्रत्येक माणसाचे वेगळे, पोरांचेही. हो, मस्करी करतो मी, सगळं गाव सांगेल तुम्हाला. तरी काढा.

सुट्टे नाहीत माझ्याकडे. थांबा, आणतो मोडून. फक्त 'राहू दे' म्हणू नका.